पाठवायची सतार

“...पण चाचा, गाणी तर तीच आहेत ना? मग खुणा का येत नाहीत?” सुकुमार विचारत होता.

बाबालालचाचा पार्सलनं पाठवायच्या सतारीच्या तारा उतरवत होते. एक खुंटी सैल केली, दुसरीला हात घातला.

मी कोपऱ्यात भोपळा घासत होतो. मिरजेत सतारी करायच्या म्हणजे निम्मं आयुष्य भोपळे घासण्यात जातं.

सुकुमारला मी मिसरूड फुटायच्या आधीपासून ओळखतो. इथंच शिकला, चाचांच्या हाताखाली. कान असा, की चाचासुद्धा त्याला विचारायचे, “बघ रे, सुरात लागली का?” मग एक दिवस उठला आणि डीजे झाला. झाला तर झाला, लग्नाला सतार सांगतंय कोण? पण जाताना आम्हाला म्हणाला, “बसा तुम्ही खुंट्या पिळत.” ते मी अजून विसरलेलो नाही.

आज तोच समोर बसला होता. मांडीवर लॅपटॉप, डोळे तांबारलेले.

“कसल्या खुणा?” चाचांनी विचारलं.

“प्रत्येक गाण्यावर माझी खूण असते. इथं ढोल सुटतो, इथं थांबतो, इथनं दुसरं गाणं आत घ्यायचं. हजारो गाणी, चाचा. वर्षानुवर्षं एकेक करून लावल्यात. आता कोल्हापूरच्या एका हॉटेलात कायमचं काम मिळतंय. आज संध्याकाळी पहिला कार्यक्रम. पण त्यांचं मशीन दुसऱ्या कंपनीचं. ते गाणी घेतंय, खुणा घेत नाही.”

“का?”

“कंपन्यांचं भांडण. ह्याचं त्याला चालत नाही, त्याचं ह्याला चालत नाही.”

“भाऊबंदकी,” मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“मधे तिसरंच एक सॉफ्टवेअर घातलं. खुणा आल्या, पण सगळ्या केसभर सरकून. केसभर सरकली तरी ताल मोडतो, चाचा. हातानं एकेक नीट करत बसलोय. धड झोप नाही, जेवण नाही...”

त्यानं लॅपटॉपचं झाकण मिटलं.

“थकलो.”

“मग खुणांशिवाय वाजव.”

सुकुमार हसला. असलं हसणं मला बघवत नाही.

“बघितलं ना. काल, घरी, दार लावून. कुठं शिरायचं तेच कळेना. इतकी वर्षं पडद्यावर बघूनच वाजवत आलोय... कान गेला माझा, चाचा.”

म्हणजे घोडं इथं अडलं होतं तर. लॅपटॉप आपला नावाला.

“फोन करून नाही म्हणून सांगतो त्यांना,” तो म्हणाला आणि खिशातून फोन काढला.

चाचांनी शेवटची खुंटी सैल केली. हात पुढं करून त्याच्या हातातला फोन घेतला आणि माझ्यापुढच्या भोपळ्यात टाकला. मग सतार त्याच्याकडं सरकवली.

“लाव.”

“आत्ता तर उतरवलीत!”

“हं.”

“पार्सलवाला यायचाय ना?”

“येऊ दे की.”

“चाचा, हात बसलेला नाही आता. निदान फोन तरी द्या. त्यात सूर दिसतो.”

“दिसतो?” चाचा म्हणाले.

सुकुमारची नजर भिंतीकडं गेली. तिथं वाकलेल्या दांडीची एक सतार टांगलीय. त्याचीच करणी. शिकत होता तेव्हा एकदा सतार अशी काही सुंदर लावली, की पाठवताना तारा उतरवायचा त्याचा जीवच होईना. तशीच, सगळ्या ताणासकट पेटीत घातली. वाटेत दांडी वाकली, भोपळ्यावरची तबली तडकली. गिऱ्हाइकानं परत पाठवली. चाचांच्या जागी मी असतो तर कानफटात दिली असती. चाचांनी एक खिळा ठोकला आणि सतार टांगली.

सुकुमारनं लॅपटॉप बाजूला ठेवला. सतार मांडीवर घेतली.

पहिलीच तार जास्त पिळली. तुटली.

चाचांनी दुसरी दिली.

चहा आला. गार झाला. सुकुमारनं खुंटीला एक शिवी हासडली. माझ्याकडं बघून म्हणाला, “घासू नका हो जरा.” मी हात थांबवला. काय करणार...

मग कधीतरी त्यानं डोळे मिटले. खुंटी मुठीत घट्ट धरली आणि मान कलती केली. अगदी पूर्वी करायचा तशी. वरच्या तारा झाल्यावर खालच्या बारीक तारा, तरफा, एकेक करून लावल्या. घाई नाही, बडबड नाही. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता.

शेवटी त्यानं वरची एकच तार छेडली. खालच्या तारा कुणी हात न लावता आपणहून गुणगुणायला लागल्या.

माझा त्याच्यावर राग आहे, तरी सांगतो. माझ्या अंगावर काटा आला.

“लागली,” तो म्हणाला. डोळे भरले होते. “चाचा... लागली!”

चाचांनी कान जवळ नेला. बराच वेळ तसेच ओणवे राहिले.

“लागली.”

एवढ्यात भोपळ्यातला फोन वाजला. भोपळ्यात तो असा काही घुमला, की मी दचकून मागं सरकलो. सुकुमारनं आत हात घालून तो काढला. नाव बघितलं. हॉटेलचा फोन.

आम्ही दोघं त्याच्याकडं बघत होतो.

“हॅलो... हो साहेब.” त्याचा दुसरा हात सतारीवरच होता. “येतो. निघालोच.”

फोन खिशात गेला. दारात पार्सलवाला येऊन उभा राहिला होता, घड्याळाकडं बघत.

सुकुमारनं सतारीवरचा हात काढला नाही.

“चाचा, आजचा दिवस राहू दे ना अशीच. उद्या पाठवा. परत अशी लागेल, न लागेल...”

चाचा गुडघ्यावर हात टेकून, कण्हत उठले. लाकडी पेटी ओढत आणली, तळाला गवत पसरलं आणि धापा टाकत तिच्याशेजारी बसले.

“उतरव.”