राजाची उचललेली मिशी

एक होता राजा, हैबतराव. नाव एवढं भारदस्त, पण ओठावर मिशीचा एक केस नाही! त्यात लेकीचं लग्न आलं तोंडावर. बिनमिशीचा सासरा बघून वऱ्हाड हसणार, याचाच त्याला घोर लागला.

मग एकदा काय झालं, एका बैराग्याने त्याला तांब्याचा गडू दिला. म्हणाला, "राजा, तीनदा काहीही माग, मिळेल. पण हा गडू नवं काही घडवत नाही हो. कुणाचं तरी उचलून आणतो." राजाने पहिलं ऐकलं, दुसरं कानाआड केलं. तुमच्यासारखंच, बरं का!

मग राजाने मागितली बासुंदी. आली! तो भुरके मारतोय तोच राणी मुदपाकखान्यातून ओरडली, "अगं बाई, वऱ्हाडाची बासुंदी गेली कुठं?"

मग मागितली जरीची पगडी. आली! पाठोपाठ दिवाणजी बोडक्या डोक्याने धावत आले. राजा मेला शहाणा, म्हणतो कसा, "आज वारा फार सुटलाय."

मग मागितली मिशी. आली! काळीभोर, झुपकेदार. राजा पीळ देत बसला, आरशासमोरून हलेचना.

तेवढ्यात वऱ्हाड आलं. पण नवरदेव पालखीतून उतरेना. उपरण्याने तोंड झाकून म्हणाला, "माझी मिशी वाटेत नाहीशी झाली. तिच्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही!"

राजाने पटकन मिशीवर हात ठेवला. लेक रडायला लागली, "आबा, वऱ्हाड परत जाईल हो!"

राजाने गडू हलवला, पालथा केला, त्याला हात जोडले. पण तीन म्हणजे तीन. गडू गप्प.

मग राजाने न्हावी बोलावला. मिशी उतरवली, चांदीच्या वाटीत घातली आणि वाटी घेऊन स्वतः पालखीपाशी गेला. सगळ्यांदेखत म्हणाला, "जावईबापू, ही तुमचीच. मी पळवली. चुकलो." लाजेने लालेलाल झाला होता बिचारा.

नवरदेवाने वाटीत पाहिलं, राजाच्या ओठाकडे पाहिलं, आणि असा हसत सुटला की उपरणंच गळून पडलं. गालाला ही मोठी खळी! लेक डोळे पुसत म्हणाली, "अगं बाई, यांच्या तसबिरीत नुसती मिशीच दिसत होती."

मग लग्न लागलं. वऱ्हाड गूळभात जेवलं. पगडी दिवाणजींकडे गेली. जावयाची मिशी दोन महिन्यांत उगवली, राजाची काही उगवली नाही. पण सगळी सुखात राहिली.

काय रे राघू? तुझ्याकडे एवढी गोधडी आली कुठून? बघ, कमळीचे पाय उघडे पडलेत. दे तिची तिला. हं. आता मिटा डोळे.