शेवंतीची बदकी आणि अळूवरचे तीन थेंब

जिथे माड आणि पोफळी एकमेकांच्या कानात कुजबुजतात आणि पाटाचं पाणी दिवसभर खुदखुदत असतं, अशा एका हिरव्यागार बागेच्या टोकाला एक झोपडी होती. बाग इतकी सुंदर, की फुलपाखरांनाही कुठे बसू नि कुठे नको असं व्हायचं. पण झोपडीतल्या चिमुकल्या शेवंतीला त्या रंगांचं काही सुख नव्हतं. तिची आई देवाघरी गेली होती. बाबा तर तिला आठवतही नव्हते. आई गेल्यापासून तिच्या केसांना कुणी तेल लावलं नव्हतं, त्यामुळे ते वाळक्या गवतासारखे उभे राहायचे.

तिला सांभाळायची तिची मावशी. मावशी नारळाच्या झावळांचे हीर सोलून खराटे बांधायची. सोलून सोलून तिचे हात खरबरीत झाले होते, आणि बोलणं त्याहून खरबरीत. "शेवंते, पाणी आण! शेवंते, खांबासारखी उभी काय ऱ्हायलीस?" मावशी वाईट नव्हती बरं का. दोन वेळा जेवायला घालायची, पण जवळ मात्र कधी घ्यायची नाही. शेवंतीला रात्री आईची आठवण आली, की ती आपलाच तळहात आपल्या गालावर ठेवून झोपायची.

एके दिवशी तळ्याकाठच्या लव्हाळ्यात शेवंतीला अंडी दिसली, फिकट हिरवी आणि गुळगुळीत. कुणाची तरी बदकी अंडी घालून चालती झाली होती. बदकींचं असंच असतं, घालतात आणि विसरतात. म्हणून त्या गावात बदकाची अंडी नेहमी खुडूक कोंबडीखाली ठेवायची रीत होती. मावशीची कवडी कोंबडी तेव्हा आपल्या अंड्यांवर बसलीच होती.

"ठेव तिच्याखाली," मावशी म्हणाली, "पण माझ्या कवडीला तरास देऊ नको."

शेवंती रोज टोपलीत डोकावून बघायची. शेवटी कवडीची पिल्लं निघाली, कापसाच्या बोंडांसारखी गुबगुबीत! आणि कवडी त्यांना घेऊन ऐटीत अंगणात चालू लागली. बदकाची अंडी टोपलीत तशीच राहिली, गार पडत.

मावशीनं एक अंडं कानाशी धरून हलवलं. "गेली गो ही कुजून. टाक उकिरड्यावर."

शेवंतीनं अंडी ओच्यात घेतली आणि ती तळ्याकाठी गेली. उकिरड्यावर टाकायला तिचा हात होईना. ती मऊ मातीत खड्डा करू लागली आणि रडू लागली. तिला वाटलं, मीपण अशीच. कुणीतरी ठेवलेली आणि विसरलेली.

"खड्डा कशाला गं करतेस?" पैंजणाच्या घुंगरासारखा इवलासा आवाज आला.

शेजारच्या अळूच्या पानावर बोटाएवढी परी बसली होती! तिचे पंख चतुराच्या पंखांसारखे झिरझिरीत होते, निळे म्हणावेत तर हिरवे, हिरवे म्हणावेत तर सोनेरी. पानावर तिच्या पायाशी तीन टपोरे थेंब चमचमत होते.

"त्यांना नीट झोपवते," शेवंती हुंदका देत म्हणाली. "दगडावर फुटली तर त्यांना दुखेल ना."

परीचे डोळे भरून आले. "हे तीन थेंब तुझे," ती म्हणाली. "प्रत्येक थेंबाला एक इच्छा. पण दोन नियम आहेत हं, बाळ. गेलेलं माणूस परत मागायचं नाही. आणि जे माणसाच्या दोन हातांनी होतं, तेही मागायचं नाही. मागितलंस तर थेंब फुकट."

पहिला नियम ऐकला आणि शेवंतीची सगळ्यात मोठी इच्छा तिथेच विझली. मग तिनं ओच्याकडे पाहिलं. "यातून पिल्लं निघू देत."

एक थेंब घरंगळला, अंड्यांवर पडला आणि संपला. काहीच झालं नाही.

"फुकट गेला गं," परी हळूच म्हणाली. "बदकाच्या अंड्याला कोंबडीच्या अंड्याहून जास्त दिवस लागतात. ऊब आणि जरासा ओलावा. ते हातांनी देता येतं." आणि ती दिसेनाशी झाली. पानावर दोन थेंब आणि नुसता उजेड राहिला.

शेवंतीनं अंडी चिंध्यांत गुंडाळून चुलीजवळच्या टोपलीत ठेवली. ती त्यांना फिरवायची, ओल्या बोटांनी पाणी शिंपडायची, विस्तव मंदावला तर छातीशी धरायची. पण ती मध्ये गार पडली होती ना! एकेक अंडं वास मारू लागलं. एकेकासाठी तिनं तळ्याकाठी खड्डा केला. शेवटी एकच उरलं, आणि तिनं आशा सोडली. ते अंडं ती नुसतंच सवयीनं फिरवत राहिली.

आणि त्या अंड्यातून आवाज आला, टुक.

पिवळंधमक पिल्लू बाहेर आलं! चपट्या चोचीचं, ओलंचिंब, अगदी बावळट. शेवंतीनं ते हळूच कवडीच्या पंखाखाली सारलं. कवडीनं एकदा मान वाकडी करून पाहिलं आणि पंख मिटला. कवडीला आपलं-परकं काही कळत नव्हतं, फार चांगलं होतं ते.

पिल्लाचं नाव पिवळी ठेवलं. पिवळी तळ्यात शिरली, की कवडी काठावर आकांत करायची, जणू लेक बुडालीच! शेवंती पोट धरून हसायची. पिवळी मोठी होऊन पांढरीशुभ्र झाली, तरी नाव पिवळीच राहिलं. शेवंती हाक मारायची आणि ती डुलत डुलत यायची. जगात शेवंतीकडे धावत येणारं तेवढं एकच कुणीतरी होतं.

आणि एका सकाळी कुंपणातून मुंगूस आलं.

शेवंती धावली तेव्हा कवडी पिसं फुलवून त्याच्यावर झेपावत होती. मुंगूस पळालं, पण पिवळीच्या शेपटीच्या मुळाशी लचका तोडून गेलं होतं. पांढऱ्या पिसांवर लालच लाल. पिवळी ओरडतसुद्धा नव्हती.

"थांब, रडू नको," मावशी म्हणाली. तिनं खोबरेलात हळद कालवली आणि मानेपासून शेपटीपर्यंत चोळली. त्या गावात कापलं, खरचटलं, भाजलं, काही झालं तरी खोबरेल आणि हळद.

शेवंती तळ्याकडे पळत सुटली. "परीताई, तिची जखम भरू दे!"

दुसरा थेंब घरंगळला आणि मातीत जिरला.

"अगं वेडे," परी कळवळली, "जखम हातांनी भरते. पाणी उकळून निववायचं, मीठ घालायचं, त्यानं धुवायचं. माशी बसू द्यायची नाही. ऊब द्यायची." शेवंतीला आपली लाज वाटली. घाबरलं की माणसाला आपले हात आठवत नाहीत.

तिनं जखम धुतली. दिवसभर माशा हाकलल्या. पिवळी खाईना, तेव्हा भिजवलेल्या कण्या बोटानं भरवल्या. जखम हळूहळू सुकली, पण पिवळी मान टाकून तळ्याकडेच बघत राहायची. एका दुपारी शेवंतीनं तिला उचलून पाण्यात सोडलं.

पिवळी बुडाली! तिची पिसं चिंधीसारखी भिजली आणि ती खाली खाली जाऊ लागली. शेवंतीनं उडी टाकून तिला ओढलं. पिवळी थंडगार पडली होती, थरथरत होती. शेवंती कमरभर पाण्यात तिला कवटाळून उभी राहिली. मी हात लावते ते सगळं बुडतं, तिला वाटलं.

कवडीचा आकांत ऐकून मावशी आली. तिनं बघितलं, आणि हातातले हीर तिथेच पडले. ती लुगड्यासकट पाण्यात उतरली. एका हातानं तिनं बदकी घेतली, दुसऱ्यानं शेवंतीला, आणि दोघींना उचलून चुलीशी आणलं.

"तेल मी चोळलं गो, त्यानंच पिसं चिकटली," मावशी म्हणाली. तिचा आवाज फुटत होता. "माझ्या बहिणीची एवढीशी पोर, आणि तिचं एवढंसं पाखरू, तेपण मीच बुडवलं." तिनं रिठ्याच्या कोमट पाण्यानं पिवळीची पिसं धुतली, पदरानं टिपली. मग तोच ओला पदर शेवंतीच्या डोक्यावरून फिरवला. शेवंती हललीसुद्धा नाही. हलले तर मावशी हात काढून घेईल, असं तिला वाटलं.

तेल गेलं. पण पिसांवर पाणी टाकून पाहिलं, तर ती अजूनही भिजत होती.

दुसऱ्या सकाळी पिवळीला घेऊन शेवंती अळूपाशी गेली. पानावर शेवटचा थेंब होता.

"बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलकट रसाची इवलीशी गाठ असते," परी म्हणाली. "चोचीनं तो रस पिसांना लावला, की पाणी आत शिरत नाही. मुंगसानं तीच गाठ तोडली. ती कुणाच्या हातांनी परत येत नाही गं. पण विचार कर. थेंब एकच आहे. तुला स्वतःला काही नको?"

हवं होतं. मावशीचा हात हवा होता, उद्या आणि परवा आणि रोज. कालचं ते एकाच दिवसापुरतं असेल तर? तिनं पिवळीकडे पाहिलं. पिवळी पाण्याकडे बघत होती.

"हिचं पाणी हिला परत दे," शेवंती म्हणाली, आणि स्वतःचं सगळं गेलं म्हणून रडू लागली.

थेंब घरंगळला आणि पिवळीच्या पाठीवर पडला. तो जिरला नाही. तो पिसावरून टपोरा घसरला, अळूच्या पानावरून घसरतो तसाच, आणि तळ्यात पडला. सगळं तळं सोन्यानं उजळलं. परी हसली, त्या उजेडात विरघळली, आणि पुन्हा कधी दिसली नाही.

पिवळी शेवंतीच्या हातून निसटून पाण्यात शिरली, आणि तरंगू लागली. काठावर कवडीनं नेहमीचा आकांत मांडला होता.

मागे पावलं वाजली. मावशी आली होती, हातात तेलाची वाटी घेऊन. शेवंती घाबरली. "मावशी, नको! तिला तेल नको!"

"तिला नाही गो," मावशी म्हणाली. ती काठावर बसली, शेवंतीला पुढ्यात ओढलं, आणि खरबरीत बोटांनी तिचे वाळके केस विंचरू लागली. "तेल हितं लावायचं असतं. हलू नको आता, शेवू. रोज लावायला हवं, तेव्हा कुठे हे सरळ होतील."