नाकतोड्याचं गवत

मंडळी, तेवढं गवत सोडून बसा. हो, तेच, कमरेएवढं उभं आहे ते. बाकीचा सगळा माळ कापून झालाय, पण या दहा पावलांच्या तुकड्याला कुणी विळा लावत नाही, आत मेंढरं सोडत नाही. याला नाकतोड्याचं गवत म्हणतात. का म्हणाल, तर ऐका.

फार मागं या माळावर हैबती नावाचा मेंढपाळ राहायचा. गळा असा, की बिरोबाच्या यात्रेत तो ओवी म्हणायला उभा राहिला की चार गावची माणसं जागची हलायची नाहीत. लोक त्याला चंडोलच म्हणायचे. झालं, गडी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसला.

त्याची बायको बाळाई. तिचा आवाज बारीक, खरखरीत. मेंढरांमागं लोकर कातत फिरायची आणि एकसारखी गुणगुणायची. उंच गवतात माणूस दिसत नाही, तेव्हा कोकरं त्या आवाजामागं चालायची. आणि त्यांची तीन वर्षांची लेक ठकू, तीही तशीच चालायची.

एका यात्रेत बायकांनी बाळाईला आग्रह केला, तूही एक ओवी म्हण. बिचारी लाजत उठली. तोंड उघडलं न उघडलं तोच हैबती सगळ्यांदेखत म्हणाला, "अगं, बस खाली! चंडोल आभाळात चढून गातो, नाकतोडा गवतात बसून तंगड्या घासतो. तू कशाला आभाळाकडं बघतेस?"

सगळी यात्रा खो खो हसली. बाळाई खाली बसली आणि त्या दिवसापासून तिनं गुणगुणणं सोडलं. हैबतीच्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही, म्हणे. काय म्हणावं अशा माणसाला!

पुढं आश्विनात एका सकाळी धुकं असं उतरलं, की हातभर पुढचं दिसेना. ठकू एका कोकरामागं गवतात शिरली आणि दिसेनाशी झाली. हैबती त्या समोरच्या टेकाडावर चढला आणि जीव गळ्यात आणून ओवी म्हणू लागला. लेकीनं बापाचा आवाज ओळखून यावं, एवढंच त्याच्या मनात. पण चंडोल गातो तेव्हा तुम्ही कधी वर पाहिलंय? आवाज सगळ्या आभाळातून येतो, पाखरू कुठं ते कळत नाही. नाकतोडा किरकिरला तर पोरही बरोबर त्या बाजूला पाऊल टाकतं. बाळाईनं गुणगुणायला तोंड उघडलं. नुसता वारा आला, आवाज नाही.

धुकं निवळलं तेव्हा कोकरू ओढ्याच्या कड्यावर उभं होतं आणि पोर खाली होती.

इथं, या जागी, गवत गोल तुडवलेलं सापडलं, असं सांगतात. बापाचा आवाज कुठून येतोय ते शोधत ठकू इथंच गरगर फिरली होती. ते बघून हैबती बायकोचे पाय धरून म्हणाला, "बाळाई, माझं चुकलं गं. एकदा गुणगुण." ती रुसली नव्हती हो. तिला येईचना. पुढं ती पुष्कळ वर्षं जगली, तो रोज तिला तेच म्हणायचा, ती ओठ उघडायची आणि मिटायची. त्यानं मात्र पुन्हा ओवी म्हटली नाही. एवढं गवत राखलं, आतल्या नाकतोड्यांना कुणी हात लावू दिला नाही.

आजही आमच्यात नवी सून आली की नवरा तिला आधी इथं आणतो आणि चारचौघांत म्हणतो, "गुणगुण." आवाज कसाही असो, कुणी हसायचं नाही. काही पोरी लाजतात, ऊन डोक्यावर येतं, तरी ती गुणगुणेपर्यंत नवरा उभाच. हैबतीनं त्या दिवशी एक वाक्य गिळलं असतं, तर इथं उभं राहायची पाळी कुणावर आली नसती.