बुवांच्या गाडीचा हातब्रेक

"म्हणजे आता मी खाली जाऊन स्वतःचा मठ काढायला मोकळा, असंच ना, बुवा?"

श्रीरंगने हातातलं काळं झालेलं फडकं खांद्यावर टाकलं. पुण्यातली प्राध्यापकी सोडून तो या डोंगरावरच्या मठात आला होता. कॉलेजात यंत्रशास्त्र शिकवायचा. आता त्याला परमार्थ शिकवायचा होता.

कान्होबुवा पायरीवर बसून शेंगा सोलत होते.

"गाडी झाली?"

"झाली."

गाडी बुवांची. बुवांच्याच वयाची आहे, असं गावात म्हणत. तेच ती चालवत. बाजारच्या दिवशी घाट उतरताना गावातल्या आजाऱ्याला दवाखान्यात सोडत. शेजारी बसणारे वाटभर नामस्मरण करत, बुवा गप्पा मारत.

पण हातब्रेक गेला होता आणि तसला आता कुठेच मिळत नव्हता. चाकाखाली धोंडा लावून दिवस काढणं चाललं होतं.

"दुसऱ्याच गाडीचा बसवलाय," श्रीरंग म्हणाला. "भंगारातून आणला. तार आखूड केली, पट्टी वेल्डिंग करून घेतली. ज्याचं त्याला कुणीही बसवील, बुवा. कुठलं तरी कुठे तरी बसवायचं असतं, तेव्हा माणूस कळतो."

"कळतो..."

"आणि धोंडा दिला दरीत फेकून."

"अरेरे. गुणी होता."

श्रीरंगला हे आवडलं नाही.

"मी सरळ विचारतो. ज्याला हे जमतं, त्याला चार माणसं सांभाळणं जमणार नाही?"

बुवांनी धोतरावरची टरफलं झटकली आणि ते उठले.

गाडी मठाच्या दारात, उताराकडे तोंड करून उभी होती. बुवा स्टिअरिंगमागे बसले, श्रीरंग शेजारी. दोघांच्या मधे हातब्रेकचा नवा दांडा, काळा, चकचकीत. श्रीरंगने त्यावर हात ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा.

बुवांनी चपला काढल्या. दोन्ही पाय वर घेतले आणि आसनावर मांडी घातली.

"बुवा, पायाचा ब्रेक..."

"तो तुझा नव्हे. तुझा बघू. सोड."

श्रीरंग हसला. त्याने दांडा खाली सोडला.

गाडी हलली. आधी मुंगीच्या पावलांनी. मग पाण्याची टाकी मागे गेली, गोठा मागे गेला. घाटाचं पहिलं वळण समोरून येऊ लागलं.

"आता ओढा, बुवा."

बुवांचा उजवा हात झटकन पुढे गेला. स्टिअरिंगच्या खाली, जिथे इतकी वर्षं ओढायची मूठ होती, तिथे. श्रीरंगने ती काढून तिथलं भोक बुजवलं होतं, वर सुंदर पॉलिशही केलं होतं. हात वारा धरून परत आला. पुन्हा गेला. पुन्हा वारा.

"तिथे नाही, बुवा. इथे, मधे..."

हात पुन्हा तिथेच गेला.

श्रीरंगने दांडा ओढला.

गाडी जागच्या जागी उभी राहिली. बुवांच्या मांडीवरून एक टरफल खाली पडलं, तेवढंच.

श्रीरंगला धाप लागली होती. मान मात्र ताठ होती.

"पाहिलंत? तसूभर सरकली नाही. मूळचासुद्धा असा धरत नसेल."

"नव्हताच धरत," बुवा म्हणाले. "फार चांगलं काम केलंयस. मला असं जमलं नसतं."

ते मनापासून म्हणत होते.

बुवा आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. मूठ अजून मिटलेलीच होती.

"सवय होईल," श्रीरंग म्हणाला. "हाताला शिकवावं लागेल, बाकी काही नाही."

"शिकवू. म्हातारा आहे, पण ऐकतो."

"बाजार परवा आहे..."

"हो. गोदाक्कांना दवाखान्यात न्यायचंय. दम लागतो त्यांना."

दोघेही समोरच्या वळणाकडे बघत राहिले...

"मग... मी जाऊ ना, बुवा?"

बुवांनी एकेक पाय खाली सोडला. चपला चाचपल्या.

"जा की. फक्त जाताना उताराला सांगून जा... हात शिकेपर्यंत थांब म्हणावं."