दाराशी उभा असलेला पहारेकरी

एका माळाच्या कडेला, करवंदीच्या जाळीखाली एक मुंगूस राहत असे. त्याच्या बिळात एक संगणक होता. बिळात संगणक आला कुठून, असे विचारू नका, मुलांनो. प्राणी बोलतात हे तुम्ही मुकाट्याने मान्य करता, मग हेही करा. मुंगसाला गुप्तहेरांच्या खेळांचे भारी वेड. कोडी सोडवायची, पुरावे गोळा करायचे आणि चोर पकडायचा. असे अकरा खेळांतले अकरा चोर पकडल्यापासून ते माळावर मान ताठ करून फिरत असे. गेल्या उन्हाळ्यात टिटवीची अंडी नाहीशी झाली, तेव्हा तो तपासही सगळ्यांनी त्याच्याकडेच दिला. "यात शोधायचं काय? धामणीचंच काम!" असे त्याने उभ्या उभ्या सांगून टाकले, आणि बिचाऱ्या धामणीला ओढ्यापलीकडे राहायला जावे लागले.

बारावा खेळ मात्र काही केल्या सुटेना. त्यात राजहंसाच्या हवेलीतून मोत्यांचा कंठा चोरीला गेला होता. हवेलीत बागकाम करणारा नाग होता, स्वयंपाक करणारी घार होती आणि दाराशी खांद्यावर घोंगडी टाकून उभा असलेला पहारेकरी होता. हा पहारेकरी मुंगूस होता. आरोप तीनदाच करता येई. तिसराही चुकला की सारा खेळ पुसला जाणार. आपल्या मुंगसाने अठरा दिवस खपून कुलपाचे आकडे जुळवले, फाटकी चिठ्ठी जोडली आणि खिडकीत पडलेली नागाची कात शोधून काढली. मग काय, ऐटीत नागावर आरोप ठेवला. पडद्यावर अक्षरे उमटली : "पुरावा अपुरा." त्याने खिडकीतली बागेची माती शोधली आणि पुन्हा नागालाच धरले. पुन्हा तेच : "पुरावा अपुरा."

आता एकच आरोप उरला. अठरा दिवसांची मेहनत पाण्यात जाणार, या विचाराने मुंगसाचे तोंड एवढेसे झाले. शेजारची खार शेंगा खात खेळ बघायला येऊन बसली होती. ती म्हणाली, "सोड ना! माझ्या मावसभावाने हा खेळ संपवलाय. चोर कोण ते सांगू?"

"एक शब्द बोललीस तर शेपटी ओढीन!" मुंगूस फिस्कारले. "पहिल्यापासून सगळ्यांची जबानी घेईन, पण चोर मीच पकडेन."

आणि ते खरोखर पहिल्यापासून सुरुवात करून बसले. घारीला विचारले, नागाला विचारले, खुद्द राजहंसालाही सोडले नाही. दुपार टळली, डोळे चुरचुरू लागले, तरी गडी जागचा हलेना. शेवटी खारच कंटाळली. "आणि हा दाराशी उभा आहे तो?"

"त्याला काय विचारायचं? तो आपल्यातला आहे," मुंगूस म्हणाले.

खार दुसरी शेंग सोलू लागली. पण आपलेच वाक्य मुंगसाच्या कानात अडकून बसले. अठरा दिवसांत शंभरदा तरी ते त्या दारातून आत-बाहेर गेले होते, आणि एकदाही थांबले नव्हते! त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने पहारेकऱ्यावर क्लिक केले. "तासाभरापूर्वी चोरी झाली तेव्हा पाऊस पडत होता. तू कुठे होतास?"

"इथंच, दाराशी," पहारेकरी म्हणाला. "सगळा पाऊस अंगावर घेतला. तेव्हापासून ही घोंगडी खांद्यावरून उतरली नाही."

मुंगसाने घोंगडीवर क्लिक केले. पडद्यावर आले : "घोंगडी कोरडी आहे." घडी उलगडली तर आत कंठा, आणि त्याच्याबरोबर खिडकीतल्या कातेचा उरलेला तुकडा! नागावर संशय जावा म्हणून कात खिडकीत ठेवणारा हाच होता. मुंगसाने शेवटचा आरोप केला.

"चोर सापडला!" संगणकातून तुतारी वाजली. खार टुणकन उडाली. "बारा झाले! चल, सगळ्या माळाला सांगू!"

पण मुंगसाने संगणक बंद केला आणि ते तडक ओढ्यापलीकडे गेले. धामण एका खडकावर ऊन खात पडली होती. त्याला बघताच ती लगबगीने कपारीत शिरू लागली.

"धामणताई, थांबा," मुंगूस म्हणाले. "टिटवीची अंडी गेली त्या दिवशी तुम्ही कुठे होतात, हे मी विचारलंच नव्हतं."

धामण कपारीतून मान बाहेर काढून म्हणाली, "एवढंच विचारायला वर्ष लावलंस होय?"

"चुकलंच माझं. आता सगळा तपास पहिल्यापासून करीन. तुम्ही सांगा. मग बाकीच्यांना विचारेन. आणि त्यांत सगळ्यांत आधी माझ्या सख्ख्या भावाला; अंडी त्यालाही आवडतात."

तात्पर्य : जो आपल्याला आवडत नाही त्याच्याविरुद्ध पुरावा चटकन सापडतो, खरा तपास सुरू होतो तो आपल्या माणसाला प्रश्न विचारल्यावर.