जाई, कोळी आणि राणीचा दिवा

एका राज्यात शीलध्वज नावाचा राजा होता, आणि त्याच्या राणीच्या महालात चाळीस कुंड्या होत्या. राणीचे नाव कुमुदिनी. आजारपणात तिला बागेपर्यंत चालवेना, तेव्हा तिने बागच आत बोलावली. मरवा आला, पुदिना आला, नागवेल आली, आणि सर्वांत शेवटी खिडकीशी जाईची एक काडी खोचली गेली. झाडे लावताना राणी त्यांच्याशी बोले, आणि ते बोलणे झाडे मुळाशी जपून ठेवीत. त्या राज्यातील झाडांची रीतच तशी होती.

राणी गेली तेव्हा राजकन्या इरावती पाळण्यात होती. जाताना राणी म्हणाली, "जाई फुलेल त्या दिवशी मी इरेशी बोलेन."

तिच्यामागे रीतीप्रमाणे महालात दिवा लावला. असा दिवा तेरा दिवस तेवायचा, मग तो फुंकायचा नाही, दुधाच्या थेंबाने शांत करायचा. तेराव्या दिवशी पुरोहित दुधाची वाटी घेऊन आले, तर राजा उंबरठ्यात आडवा उभा. "दिवा राहू द्या," एवढेच म्हणाला. कारण दिवा तेवत होता तोवर कुंडीत पाणी घातले की झाड राणीच्या आवाजात बोले. मरवा म्हणे, "ऊन फार आहे हो आज." नागवेल म्हणे, "जेवलात का?" बोलणे साधेच, पण राजा त्यावर जगत होता. दिवसातून चार-चार वेळा तो पाणी घाली. वाऱ्याने दिवा जाऊ नये म्हणून त्याने खिडक्या लावून घेतल्या. अशी बारा वर्षे गेली, आणि त्या कोंदट अंधारात जाईला एकदाही फूल आले नाही.

माती सुकायची थांबली. ओल्या मातीतून चिलटे उठली, ती दिव्याभोवती घोंगावू लागली, आणि चिलटांमागे कोळी आले. आधी कोपऱ्यांत, मग तुळयांवर, मग झाडांवर. जाळ्यांखाली पाने पिवळी पडली. प्रधान मोठे शहाणे. त्यांनी तीन वेळा दरबार भरवला आणि महालात जाळी झाली आहेत असा निर्णय दिला. अखेर वज्रदंत मांत्रिकाला बोलावले. त्याने जहरी धुरी केली. शेकडो कोळी मेले, आणि त्यांच्याबरोबर बावीस कुंड्याही मेल्या.

"कोळी कोण आणि झाड कोण, हे जहराला कळत नाही," मांत्रिक म्हणाला आणि झोळी उचलून निघून गेला.

तुळईच्या फटीत कोळ्यांची आई वाचली होती. ती तळहाताएवढी होती. ती म्हणाली, "राजा, माझी पोरे मारलीस. आम्हांला कोणी जिवंत बाहेर पोचवीपर्यंत या महालात एकही कळी धरणार नाही." आठवड्याभरात कोळी दुप्पट झाले.

इरावती जाईपाशी बसून राही. बाकीची झाडे बोलत, पण ती बाबांशी. तिच्याशी बोलणार होती ती जाई एकच, आणि जाईची पानेही आता गळू लागली होती.

एके सकाळी खिडकीवर टकटक झाली. तिने खिडकी किलकिली केली. बाहेर बोटभर शिंजीर पक्षी बसला होता.

"मला घरट्याला जाळे हवे," शिंजीर म्हणाला. "तू ते दे, मी उपाय देतो. कामे तीन. तिसरे तुझ्या हातचे नाही."

"पहिले सांग," इरावती म्हणाली.

"काठीला कापूस गुंडाळ, जाळी अलगद उतरव. कोळी दिसला तर त्याच्यावर वाटी ठेव, खालून पान सरकव आणि बाहेर सोड. मग पान न पान ओल्या फडक्याने दोन्ही अंगांनी पूस."

सात दिवस तिने तेच केले. तिची मान मोडून आली, पण कोळ्याचा एकही पाय तुटला नाही आणि एकही पान फाटले नाही. शिंजिराचे घरटे पुरे झाले.

"दुसरे?"

"मातीत दोन पेरे बोट घाल. आत कोरडे लागले तरच पाणी."

तिने घडा आपल्याजवळ घेतला. राजा दारात येई.

"इरे, घडा दे."

"मरवा अजून ओला आहे, बाबा."

राजा परत जाई. त्याचे जाणे पाहून तिला रडू येई, तरी तिने घडा सोडला नाही. महाल दिवसेंदिवस मुका राहू लागला. माती सुकली, चिलटे विरळ झाली. तरी उरलेली दिव्यापाशी होती, आणि उरलेले कोळी त्यांच्यापाशी.

तिसरे काम तिला न सांगताच कळले. ती दुधाची वाटी घेऊन बापासमोर उभी राहिली.

"दिवा शांत करा, बाबा."

"मग झाडे बोलणार नाहीत."

"तुमच्याशी आई बारा वर्षे बोलली. जाईला दिवा लागत नाही, फूल लागते. माझ्याशी एकदा तरी बोलू द्या."

राजाने वाटी घेतली. त्याने नागवेलीला थोडे पाणी घातले. नागवेल म्हणाली, "जेवलात का?" "जेवलो," राजा खोटेच म्हणाला. मग त्याने दिव्यावर दुधाचा थेंब सोडला.

खिडक्या उघडल्या. चिलटे उजेडाकडे गेली, त्यांच्यामागे कोळी रांगेने भिंत उतरले. कोळ्यांच्या म्हाताऱ्या आईला चालवेना, तिला इरावतीने वाटीतून नेऊन तबेल्याच्या कोरड्या भिंतीवर ठेवले. "शाप फिटला, पोरी," ती म्हणाली. ते परत येऊ नयेत म्हणून इरावतीने खिडक्यांच्या चौकटींना लिंबाच्या साली चोळल्या आणि पुदिन्याची कुंडी उंबरठ्याशी ठेवली.

अकराव्या दिवशी जाईला फूल आले. बापलेक जवळ बसली. जाई बोलली तो आवाज तरुण होता, थोडा दमलेला, पाळण्यातल्या पोरीला समजावणारा.

"इरे, बाबांना सांग हं, माझ्यामागे दिवा तेराच दिवस ठेवायचा. धुराने तुला ठसका लागतो."

एवढे बोलून जाई गप्प झाली.

राजाने तोंड झाकून घेतले. बारा वर्षे जो निरोप त्याला हवा होता, तो त्यानेच अडवून धरला होता. इरावतीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"जेवलात का, बाबा?" तिने विचारले.

"नाही," राजा म्हणाला. आणि मुलीच्या मागोमाग तो जेवायला उठला.

पुढे त्या महालात कोळी झाले नाहीत, झाडे वाढली, राज्य नीट चालले. झाडे मात्र पुन्हा बोलली नाहीत. सांगणाऱ्याने सांगितले, ऐकणाऱ्याने ऐकले. आता उठा आणि आपापल्या कुंडीतली माती बोटाने पाहा.