झेलीची दुसरी हाक

पहिल्यांदा बिघडलं ते अगदी एवढंसं होतं. तिन्हीसांजेला आईनं भाताचा घास पुढे केला आणि बारक्यानं तोंड उघडलं ते घासाच्या दिशेला नाही, शेजारच्या रिकाम्या हवेकडे. आई हसली. झोप आली वाटतं माझ्या राजाला, असं म्हणाली. झेली मात्र हसली नाही.

झेली म्हणजे बारक्याची ताई. डोंगराच्या पायथ्याशी दगडाची खाण होती. खाणीला लागून पत्र्याची चिमुकली घरं होती आणि त्यातल्या शेवटच्या घरात ही तिघं राहायची. आई दिवसभर खडी फोडायची. सकाळी पांढरा भात, संध्याकाळी पांढरा भात, वर चिमूटभर पांढरं मीठ. पोट भरत होतं, म्हणून कुणाला काही वाटत नव्हतं.

मग बारक्या उंबऱ्याला अडखळू लागला. आभाळात केशरी, गुलाबी, जांभळे ढग लोळायचे, आणि तो विचारायचा, कुठायत? एके दिवशी तो खेळ सोडून भिंतीला टेकून बसला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "संध्याकाळ झाली की मला सगळं पुसून जातं."

झेली उठली आणि घरामागच्या रानात पळाली. तिथे एक शेवग्याचं झाड होतं. त्याच्या बुंध्याला मिठी मारून ती रडायला लागली. तेवढ्यात डोक्यावर काहीतरी सळसळलं आणि ती केवढी तरी दचकली.

"अगं, हळू," पानांतून आवाज आला. "मीच तुला घाबरले."

फांदीवर एक परी बसली होती. चिमणीएवढी. पंख शेवग्याच्या पानांचे, हिरवे हिरवे. घागरा भोपळ्याच्या फुलाचा, पिवळाधमक. कपाळावर अंबाडीच्या देठासारखी लालचुटुक टिकली. पण पंखांच्या कडा वाळल्या होत्या आणि घागऱ्याचा रंग ठिकठिकाणी उडाला होता.

ती म्हणाली, मी पानपरी. खाण्याच्या रंगांमध्ये राहते. इथे ते रंग कुणी खात नाही, म्हणून संध्याकाळी लेकरांचे डोळे विझतात आणि मी अशी विटत चाललेय. एक मागणं पुरवण्याएवढं बळ आहे अजून. बारक्याच्या एकट्याच्या ताटाला सगळे रंग हवे असतील तर आत्ता देते. पण मग मी संपले आणि हे झाडही वाळलं.

"नाहीतर?" झेलीनं विचारलं.

नाहीतर रंग वस्तीत आहेतच, परी म्हणाली. हौसाकाकूंच्या पत्र्यावर भोपळा आहे, राघूमामांकडे कोंबड्या आहेत, इथे पाला आहे. भोपळा आणि अंडी बाजारात जातात, पाला शेळ्यांना जातो, आणि लेकरं पांढरा भात खातात. त्यांना जेवायला बोलाव. प्रत्येक चुलीनं एक रंग आणायचा आणि सगळ्यांनी मिळून खायचा. मात्र हाक तिन्हीसांजेलाच मारायची, मी तेवढाच वेळ असते. दार वाजवायचं नाही. आणि दिवसा यातलं अवाक्षरही काढायचं नाही.

"एकानं जरी ओ दिली, तरी पुरे आहे," परी म्हणाली.

झेलीनं ते मागणं मागायला तोंड उघडलंच होतं. बारक्याचे डोळे. आज, आत्ता. पण तिला तानी आठवली, हौसाकाकूंची नात. कालच ती भिंत चाचपत चाचपत घरी गेली होती.

"मी हाक मारते," झेली म्हणाली.

ती रोज शेवग्याचा कोवळा पाला खुडायची, परतून भातात कालवायची. बारक्या बोटं चाटून खायचा. नळावर बाया हसायच्या. शेळी पाळलीस काय गं झेले, हौसाकाकू विचारायच्या. झेली मान खाली घालून कळशी भरायची.

आणि दिवेलागणीला ती दारोदार जायची. "हौसाकाकू, जेवायला या." तिचा स्वतःचाच आवाज तिला दचकवायचा. आत बोलणं थांबायचं. दिवा बारीक व्हायचा. मग ती पळत पुढच्या दारी. "राघूमामा, जेवायला या." तिथे कडी लागायची.

एक संध्याकाळ गेली, दुसरी गेली, मग झेलीनं मोजणं सोडलं. कुणीच ओ देईना. घरी पाल्याचा भात गार व्हायचा. एका रंगानं भागत नव्हतं, बारक्या आता हातही पुढे करत नव्हता. कुणीतरी हातात ठेवेपर्यंत तो नुसता बसून राहायचा. परीचा घागरा राखाडी झाला. मग पंख झाले. शेवटी फांदीवर काजव्याएवढा थेंब उरला आणि तो म्हणाला, "उद्याचा एकच दिवस उरलाय, झेली."

माझ्या हाकेतच काही नाही, झेलीला वाटलं. परीकडे ते मागणं मागितलं असतं तर बारक्याला आता सगळं दिसत असतं.

दुसऱ्या दिवशी नळावर हौसाकाकू बायांना सांगत होत्या, कुजबुजत. शेवग्यातलं काहीतरी तिन्हीसांजेला दारोदार हाका मारतं म्हणे, आणि तेही हुबेहूब झेलीच्या आवाजात. मग त्यांनी तानीला जवळ ओढलं. तानीच्या कपाळावर टेंगूळ होतं, संध्याकाळी दाराला आपटलेलं.

"नीट ऐक," त्या तानीला म्हणाल्या. "पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. ते एकदाच हाक मारतं. माणूस असला तर परत मारेल."

झेलीच्या हातातली कळशी निसटली. सगळ्या बाया तिच्याकडे बघायला लागल्या. तिला ओरडून सांगायचं होतं, अहो, मीच ती. पण दिवस होता. तिनं ओठ घट्ट मिटले.

संध्याकाळी ती हौसाकाकूंच्या दारात उभी राहिली. मागे शेवग्यावरचा थेंब विझत होता.

"हौसाकाकू, जेवायला या."

आतलं बोलणं थांबलं. दिवा बारीक झाला. झेलीचे पाय सवयीनं वळायला लागले. तिनं ते तिथेच रोवले. त्याच दारात लगेच परत हाक मारणं तिला कधी जमलंच नव्हतं. एकदा नाही म्हटलेल्या दारासमोर उभं राहायचं म्हणजे तिचा जीवच जायचा.

"हौसाकाकू," ती म्हणाली, आणि आवाज फाटला. "काकू, मी झेली. तानीला घेऊन जेवायला या."

नुसता काळोख उतरत होता.

मग आतून तानीचा बारीकसा आवाज आला. "आजी. परत मारली."

कडी किरकिरली. त्या क्षणी मागचं सबंध झाड लखलखलं, पान न् पान, हिरवं, सोनेरी, केशरी, आणि पत्र्यावरचा भोपळा चंद्रासारखा पिवळा उजळला. त्या उजेडातून कुणीतरी चिमुकला हात हलवला. मग हातही नव्हता, नुसता उजेड होता.

"ओ," हौसाकाकू म्हणाल्या. "ओ गं बाये. थांब, भोपळा उतरवून आणते."